अफूची नोंद: तोळ्यापासून एफ११.३ पर्यंत

आमचा मुखेड तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा अफू म्हणजे आबकारीचं उत्पन्न. शेजारच्या इंग्रजी मुलखातही १८७८ च्या कायद्याखाली लायसन्सच्या दुकानात अफू मिळायची. १८९३ ला नेमलेल्या रॉयल कमिशनने १८९५ मध्ये सांगून टाकलं की बेताची अफू काही फार वाईट नाही. सरकारच विकतंय म्हटल्यावर दुसरं काय निघणार! सरकारी वह्यांत तोळे आणि रुपये चढत राहिले.

१९५० मध्ये अफूचे केंद्रीय कायदे हैदराबादलाही लागू झाले. १९५९ पर्यंत औषधाव्यतिरिक्त अफू खाणं बंद करायचं ठरलं, जुन्या अफूबाजांना डॉक्टरी दाखल्यावर परवाना. डॉक्टरचा कागद आला खरा, पण माल मिळण्यासाठी. १९८५ ला एनडीपीएस कायदा आला आणि तोच माणूस आरोपी झाला. पुढच्याच वर्षी, गर्दच्या लाटेत, डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं.

आता कोडचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नवव्या रोगयादीत दारू वगळता सगळ्या नशांच्या विड्रॉलला एकच आकडा होता, २९२.०. १९९० ला मंजूर झालेल्या दहाव्या यादीत अफू-गर्दच्या विड्रॉलला स्वतःचा कोड मिळाला: एफ११.३. अकराव्या यादीत तो ६सी४३.४ आहे.

पण कोड लावणारा केस पेपरवर असेल तेवढंच लावणार. नाक गळतंय, जांभया, अंगावर काटा, बाहुल्या मोठ्या, उलट्या-जुलाब. पोरं याला 'टर्की' म्हणतात. २००३ पासून अशा ११ खुणांना गुण देऊन तीव्रता मोजायची पद्धत आहे. शेवटचा डोस कधी, कशाचा, हे विचारून लिहिलं तर एफ११.३. नुसतं 'जुलाब' लिहिलं तर झाला गॅस्ट्रो, ए०९. सलाईन लावा, घरी पाठवा. चार-आठ दिवसांत शरीराची सवय उतरते, आणि घरी जाऊन जुनाच डोस घेतला तर जीव जातो. आकडेवारीत मात्र तालुक्यात गॅस्ट्रोची साथ!

यात सगळा दोष डॉक्टरचा नाही. घरचेच हळूच म्हणतात, "साहेब, तसलं काही लिहू नका, पोराचं लग्न व्हायचंय." पोलिसांचीही धास्ती असते. त्याच एनडीपीएस कायद्यात ६४अ कलम आहे: नशेपोटी पकडला गेलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर नशा केल्याबद्दल खटल्यातून सूट मिळते. ती मागायची तर उपचाराचा कागद हातात लागतो.