निजामाच्या राज्यातला फुटबॉल संघ आणि आपण

नांदेडला हॉकी आहे. गुरू गोविंदसिंघजींच्या नावाची गोल्ड अँड सिल्व्हर कप स्पर्धा आपल्याकडे वर्षानुवर्षं भरते, देशभरातले संघ येतात, खालसा हायस्कूलच्या मैदानावर गर्दी होते. लातूरकडे कुस्ती आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. फुटबॉलचं विचाराल तर आपण लगेच म्हणतो, तो कोल्हापूरचा, गोव्याचा, बंगालचा. आपला नाही.

मला आज या ‘आपला नाही’कडे जरा नीट बघायचं आहे. कारण १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईच्या कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स कप ज्या संघानं जिंकला, तो संघ आपल्याच राज्याच्या राजधानीचा होता. हैदराबाद सिटी पोलीस. आणि त्या पाचही वर्षांत नांदेड जिल्हा, आणि लातूर तालुका ज्यात होता तो उस्मानाबाद जिल्हा, हैदराबाद राज्यात होते. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो फार नंतर, १९८२ मध्ये. तेव्हा काटेकोरपणे बोलायचं तर त्या काळी लातूरचा माणूस मुंबईत मॅच बघायला गेला असता, तर त्यानं टाळ्या हैदराबादसाठी वाजवायला हव्या होत्या.

हा संघ १९३० च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. निजामाच्या राजवटीत शहर पोलिसांत खेळाडू भरती करायचे, त्यांना कवायतीतून सवलत द्यायची, आणि त्यांनी संध्याकाळी मैदानावर घाम गाळायचा, अशी साधी व्यवस्था. आज ज्याला आपण व्यावसायिक फुटबॉल म्हणतो, त्याचं हे जुनं भारतीय रूप. पगार खेळाचा नाही, नोकरीचा. पण नोकरी खेळामुळे. एका शिपायाच्या घरात महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, वर डोक्यावर सरकारी छप्पर, हे त्या काळात काय होतं हे आपल्या भागात समजावून सांगायला नको. आजही आपल्याकडची पोरं पहाटे पोलीस भरतीसाठी पळतातच की.

संघाला आकार दिला तो एका शिक्षकानं. सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, हैदराबादच्या शाळांमधून शिकवलेले. लोक त्यांना रहीमसाहेब म्हणत. १९४० च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. अध्यक्ष होते एस. एम. हादी. हा माणूस वेगळाच! १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेनिस खेळलेला, आणि रणजी करंडकातलं पहिलं शतक ज्याच्या नावावर आहे तो. असा अध्यक्ष आणि असा सचिव एका संघटनेला मिळणं हे नशीबच.

रहीमसाहेबांची पद्धत शिक्षकाचीच होती. चेंडू पायात धरून ठेवायचा नाही, आला की पुढे द्यायचा. आपल्याकडे त्या वेळी वैयक्तिक कसरतीचं, म्हणजे चार जणांना चकवत नेण्याचं, फार कौतुक होतं. हे त्याच्या बरोबर उलट. आणि एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडते. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात खेळाडूनं आपला कच्चा पायच वापरायचा. उजव्या पायाचा असेल तर डावा. बघा, पन्नास मिनिटांचा तास घेऊन जे सांगता येत नाही ते एका नियमानं साधलं.

१९५० साली रहीमसाहेब पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी रोव्हर्स कप, आणि त्याच वर्षी ड्युरँड कपसुद्धा. फाळणीच्या गोंधळानंतर ड्युरँड पुन्हा सुरू झाला तो १९५० मध्ये, आणि अंतिम सामन्यात समोर मोहन बागान. पहिली लढत २–२ बरोबरीत सुटली, पुन्हा खेळवली तेव्हा हैदराबाद १–० नं जिंकलं. कलकत्त्याला हे पचायला जड गेलं असणार. रोव्हर्सची मालिका थांबली ती १९५५ मध्ये, मोहन बागाननं कप नेला तेव्हा.

आता मी ज्या ठिकाणी जरा थांबणार आहे ते हे. १९५० म्हणजे पोलीस ॲक्शनला दोनच वर्षं झालेली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आलं, रझाकारांचा कहर संपला, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तो दिवस आपण झेंडावंदनानं साजरा करतो आणि तो करायलाच हवा. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोकांनी किंमत मोजलेली आहे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं त्याबद्दल आपण आवाज खाली आणून बोलतो. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मुसलमानांच्या हत्यांची नोंद केली. सर्वात जास्त झळ पोचलेले जिल्हे त्यांनी सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. चारांतले दोन आपले.

या पार्श्वभूमीवर तो संघ डोळ्यासमोर आणा. नूर मोहम्मद, अझीझ, जमाल, मोईन, लईक, आणि त्यांच्याबरोबर सुसै, पॅट्रिक. बहुतेक मुसलमान, काही ख्रिस्ती, आणि अंगात वर्दी हैदराबाद पोलिसांची. ‘निजामाचा पोलीस’ हे शब्द मराठवाड्याच्या खेड्यात प्रेमानं उच्चारले जात नव्हते, आणि त्याला कारणं होती. दुसऱ्या बाजूनं या खेळाडूंच्या समाजाचं राज्य गेलेलं, नोकऱ्या जाण्याची भीती, कित्येकांचे नातलग कराचीला निघालेले. अशा वेळी ही मंडळी मुंबईला जातात, दिल्लीला जातात, आणि दोन वर्षांपूर्वी ज्या देशात त्यांचं संस्थान विलीन झालं, त्या देशाचे सर्वात मोठे कप जिंकून आणतात. यातले काही लगेच भारताच्या संघात जातात. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत भारतानं इराणला हरवून सुवर्ण घेतलं, तेव्हा प्रशिक्षक रहीमसाहेबच होते.

मला वाटतं, इतिहास सांगताना आपण एक सोयीची वाटणी करून टाकली. मुक्तिसंग्राम आपला, बाकी निजाम राज्यातलं जे काही, ते हैदराबादचं. उस्मानिया विद्यापीठातून आपल्या आजोबांच्या पिढीतली शिकलेली माणसं बाहेर पडली, मनमाड–सिकंदराबाद रेल्वे आपल्याच गावांतून गेली, पण आठवणींचा हिशेब करताना ते सगळं पलीकडच्या खात्यावर. त्याच खात्यात हा फुटबॉल संघही गेला.

खात्याची तारीखसुद्धा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला ४–२ नं हरवलं. तीन गोल मूळच्या गोव्याच्या, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे, प्रशिक्षक रहीमसाहेब, संघात अझीझ, नूर मोहम्मद आणि हैदराबादचे इतर. भारत चौथा आला, आजवरची ऑलिंपिकमधली आपली सर्वोत्तम कामगिरी. आणि गंमत बघा, १९५६–५७ आणि १९५७–५८ या दोन्ही वर्षी संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात हैदराबादनं मुंबईला हरवलं. म्हणजे कागदोपत्री आपण हरलो! जिंकणाऱ्यांचं राज्य आपण नुकतंच सोडलं होतं.

संघाचं पुढे काय झालं? नाव बदललं. आंध्र प्रदेश पोलीस झाला, त्या नावानं १९६१ चा ड्युरँड जिंकला. १९६२ मध्ये जाकार्तात भारतानं दक्षिण कोरियाला २–१ नं हरवून पुन्हा आशियाई सुवर्ण मिळवलं, तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगानं ग्रासलेलं होतं. ११ जून १९६३ ला ते गेले. दरम्यान कलकत्त्याचे क्लब हैदराबादहून पोरं नेत होतेच. तुळशीदास बलराम गेला, मग नईमुद्दीन, मोहम्मद हबीब. पोलिसाच्या पगाराच्या कितीतरी पट देणारे लोक दारात उभे असतील तर कोण थांबेल? नवी भरती आटली, खेळावर प्रेम असलेले अधिकारी निवृत्त झाले, आणि संघ ओसरला.

इथे कोल्हापूरची तुलना करावीशी वाटते. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमी. नाव तालमीचं आणि खेळ फुटबॉलचा. त्यांनी कधी ड्युरँड जिंकला नाही, रोव्हर्स नाही. पण पेठेतली माणसं आहेत तोवर पेठेचा संघ आहे. साहेबाच्या बदलीनं त्याचं काही बिघडत नाही. हैदराबाद सिटी पोलिसांकडे उलट सगळं होतं, कप होते, देशातला सर्वात मोठा गुरू होता. फक्त संघ एका खात्याचा होता.

खात्याचा संघ गावाचा होऊ शकतो का? थायलंडमध्ये झाला. तिथं प्रांतिक वीज मंडळाचा एक संघ होता, अयुथयामध्ये खेळायचा, २००८ मध्ये देशाची लीगही जिंकला. बुरीराम नावाच्या मागासलेल्या, शेतीवाल्या प्रांतातल्या नेविन चिदचोब या पुढाऱ्यानं तो घेतला आणि २०१० पासून बुरीरामला नेला. समजा महावितरणचा एखादा संघ कुणी पुढाऱ्यानं उचलून उदगीरला आणला, तसंच. आज बुरीराम युनायटेड हा थायलंडचा सर्वात दबदब्याचा क्लब आहे आणि त्या प्रांताची ओळखच तो आहे. राजकारण त्यात भरपूर आहे, ते मी लपवत नाही. पण अयुथयाच्या प्रेक्षकांना कुणी विचारलं का? आपल्याकडेही एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. त्यानं २०२१–२२ ची इंडियन सुपर लीग जिंकली, आणि पुढे तोही दिल्लीला गेला.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे नागसेनाचा रथ आठवतो. मिलिंद राजाला नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. क्लबचंही तसंच आहे. खेळाडू, मालक, गाव, नाव, सगळं सुटं करून बघितलं तर क्लब सापडत नाही. आणि तरी ज्यांनी त्याच्यासाठी ओरडून घसा बसवला त्यांना तो होता हे पक्कं माहीत असतं.

एक राहिलं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला नूर मोहम्मद आणि अझीझ गेले होते. आपले बरेच खेळाडू तिथं अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून १०–१ असे हरले. त्याच हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं, आणि १९५५ मध्ये तेही पोलिसांत भरती झाले, फौजदार म्हणून. बढतीसाठी त्यांना किती वर्षं ताटकळावं लागलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. हैदराबादच्या शिपायांची गोष्ट मात्र आपल्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. मुलांना सांगायची असेल तर नूर मोहम्मद या नावापासून सुरुवात करा.