‘मला नाही गाता येत’ म्हणणाऱ्यांसाठी कराओके : सोपं आणि आठवणीतलं गाणं कसं निवडाल?

पावसाळ्यातला शनिवार. लोणावळ्यात भाड्याने घेतलेल्या बंगल्यात सगळं गोत जमलंय. कांदाभजी संपतात आणि कोणीतरी स्पीकरला माईक जोडतं. हौशी भाचेमंडळी गाऊन झाली की नजरा वडगावहून आलेल्या काकांकडे वळतात. “काका, एक तरी म्हणा ना!” काका हात जोडतात, “नको रे बाबा, आमचा कुठला आवाज!”

हेच काका गणपतीत खड्या आवाजात आरती म्हणतात, सप्ताहात टाळ घेऊन उभे राहतात. मग अडतं कुठे? आरतीत सूर चुकला तर तो सगळ्यांच्या आवाजात विरून जातो. माईकवर तो एकट्याचा असतो. म्हणून अशा माणसासाठी गाणं निवडताना ‘छान’ गाणं शोधू नका, ‘न अडकवणारं’ शोधा.

कराओके आलं कुठून?

जपानी भाषेत ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं छोटं रूप. कराओकेच्या जनकांपैकी एक म्हणजे कोबे शहरातले वादक दाइसुके इनोऊए. त्यांचं एक गिऱ्हाईक गाण्यात कच्चं होतं. इनोऊए त्याला सांभाळून घेत वाजवायचे. त्या गिऱ्हाइकाने सहलीला सोबत चला म्हटलं, तेव्हा इनोऊएंना जमणार नव्हतं. त्यांनी त्याच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. यातूनच १९७१ मध्ये त्यांचं यंत्र आलं. २००४ मध्ये त्यांना इग नोबेल हा गमतीशीर पुरस्कारही मिळाला, तोही शांततेचा! थोडक्यात, सहलीला निघालेल्या कच्च्या गायकासाठीच ही सोय झाली होती.

निवडताना काय पाहायचं?

१. वय विचारा, आवड नंतर. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतल्या आठवणी माणसाला जास्त पक्क्या राहतात, असं मानसशास्त्र सांगतं. तेव्हाची गाणी शब्द न वाचताही येतात. १९६५ च्या आसपास जन्मलेल्यांसाठी १९७५ ते १९९५ हा काळ चाळा.

२. मुखड्यावर भुलू नका. मुखडा बहुतेकांना जमतो, आवाज फाटतो तो अंतऱ्यात. गाण्यातली सगळ्यात उंच ओळ आधी गुणगुणून बघा. ती आरामात निघाली तरच गाणं पक्कं करा.

३. पट्टी बदला. पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. त्यामुळे आशाताईंचं गाणं काकांना मूळ पट्टीत जड जाणारच. बहुतेक कराओके ॲपमध्ये पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली-वर करता येते. हे बटण माईक हातात देण्याआधी वापरा.

४. संथ म्हणजे सोपं नव्हे. श्रीनिवास खळे यांचीच दोन गाणी घ्या. ‘गोरी गोरी पान’ घरातलं कुणीही म्हणेल. ‘शुक्रतारा’ ऐकायला तितकंच सहज वाटतं, पण सूर धरून ठेवायला दम लागतो. नवख्याला ते देऊ नका.

५. ध्रुवपद परत परत यावं. म्हणजे बाकीचे त्यात सामील होतात आणि आरतीसारखा आधार मिळतो.

सुरुवातीला ही गाणी बघा

- नाच रे मोरा (‘देवबाप्पा’, १९५३) : गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशा भोसले यांचा आवाज. कडवी छोटी, शब्द शाळेपासून पाठ.
- ही चाल तुरुतुरु : शांता शेळके यांचे शब्द, जयवंत कुलकर्णी यांचा आवाज. ठेका खेळकर, त्यामुळे थोडं बोलल्यासारखं म्हटलं तरी खपतं.
- अश्विनी ये ना (‘गंमत जंमत’, १९८७) : किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचं युगुलगीत. एकटं पडायचं नसेल तर उत्तम. किशोरदांच्या करामती मात्र सोडून द्या.

माईक देणाऱ्यांसाठी

लाजणाऱ्या माणसाला पहिला नंबर देऊ नका, शेवटचाही नको. सगळ्यात सुरेल गाणाऱ्यानंतर तर मुळीच नको. त्याला एकच कडवं म्हणू द्या, सोबत दुसरा माईक धरा. पडद्यावर मराठी शब्द रोमन लिपीत येत असतील तर देवनागरीत लिहून हातात द्या. रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे मैफल वेळेत उरका.

आणि विचारल्याशिवाय व्हिडिओ काढून ग्रुपवर किंवा रीलमध्ये टाकू नका. चुकलेल्या सुरावर लोक हसले, की तो माणूस पुढच्या सहलीत माईकला हात लावणार नाही. तो व्हिडिओ काढला नाही, तर पुढच्या वेळी काका कदाचित स्वतःहून गाणं सुचवतील.