मातीचे अत्तर

हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनीच्या हाताला अत्तर लावावे, वर गुलाबपाणी शिंपडावे, ही मराठी घरांतील जुनी रीत. त्या अत्तरदाणीतील थेंब पुष्कळदा दूरच्या कनौजहून आलेला असे.

गंधविद्या आपल्याकडे फार प्राचीन. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीला स्वतंत्र अध्याय दिला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणलेल्या 'गंधवाद' ग्रंथावर तर टीका मराठीत आहे. म्हणजे ही विद्या मराठीतून समजून घेणारेही कोणी होते. गुलाबाच्या अत्तराचे श्रेय लोक नूरजहानला देतात. जहांगीर बादशहाने मात्र आपल्या आत्मवृत्तात ते तिच्या आईला दिले आहे. गरम गुलाबपाण्यावर जमलेला तेलाचा तवंग तिने वेचला, बादशहाने तिला मोत्यांचा हार दिला आणि सलीमा सुलतान बेगमेने त्या अत्तराला 'इत्र-इ-जहांगिरी' असे नाव ठेवले. दंतकथेपेक्षा ही हकीकत अधिक गोड नाही काय?

कनौजची रीत पाहावी तर साधी, पण मोठी जिकिरीची. तांब्याच्या डेगीत फुले व पाणी घालतात आणि झाकण मातीने लिंपून घेतात. बांबूच्या नळीतून वाफ 'भपक्या'त उतरते. हा भपका पाण्याच्या हौदात बसविलेला असून त्यात आधीच चंदनाचे तेल असते. ते फुलांचा वास धरून ठेवते. भपका किती भरला हे कारागीर हाताने चाचपून ओळखतो. जाळ किंचित वाढला तर फूल करपते आणि अत्तरालाही करपट वास येतो.

या सर्वांत अपूर्व ते मातीचे अत्तर. भट्टीत हलकेच भाजलेल्या मातीचे तुकडे डेगीत घालून पहिल्या पावसाचा वास चंदनात उतरवावयाचा! १९६४ साली बेअर व थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिले. कनौजच्या गंध्यांनी तोपर्यंत तो केव्हाच कुपीत भरला होता.

युरोपची वाट निराळी. १८६८ साली पर्किनने कुमारिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत बनविले आणि फुलावाचून सुगंध शक्य झाला. १९२१ साली एर्नेस्त बो याने आल्डिहाइडांचा सढळ वापर करून 'शानेल नंबर पाच' सिद्ध केले. मद्यार्कातील हे सुगंध अंगावर पडताच दरवळतात, आणि कुपी कोठेही घ्या, वास तोच. अत्तर त्वचेच्या उबेने सावकाश उमलते आणि प्रत्येक घाणीचे थोडे वेगळे असते. एकाला यात दोष दिसेल, दुसऱ्याला हेच वैभव वाटेल. बो याची करामत कमी मोलाची नव्हे. तथापि मातीच्या अत्तरातील ओलावा तिच्यात शोधू नये.

कनौजवर खरे संकट आले ते चंदनाच्या टंचाईने. म्हैसूरचे चंदनतेल इतके महागले की पुष्कळ गंध्यांनी त्याऐवजी पातळ पॅराफिन वापरण्यास आरंभ केला. त्याला स्वतःचा वास नाही आणि मुरण्याचा गुणही नाही. मालाचा मोठा भाग पानमसाला व तंबाखूच्या कारखान्यांकडे जाऊ लागला. तिकडे पाश्चात्त्य देशांत थोड्यांसाठी थोडेच सुगंध बनविणारे काही गंधकार हेच मातीचे अत्तर आवर्जून मागवितात. चंदनावर उतरविलेले ते अस्सल अत्तर आता कनौजमध्येही मोजकीच घरे बनवितात.