खुब्याचे फ्रॅक्चर, वेदना आणि शंभर वर्षे उशिरा पोचलेली सुई

बाथरूममध्ये घसरून पडलेल्या आजींना स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर घेताना त्या कशा कळवळतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला खुब्याच्या फ्रॅक्चरचे दुखणे वेगळे सांगायला नको. स्थिर पडून राहिले तर सोसते. जरा हलवले की जीव जातो. ऑपरेशन तर उद्या-परवा. तोवर काय?

अनेक वर्षे याचे उत्तर म्हणजे मॉर्फिनसारखी औषधे. पण म्हाताऱ्या शरीराला ती जड जातात : गुंगी, उलट्या, बद्धकोष्ठता, श्वास मंदावणे, भ्रम. म्हणून डॉक्टर हात राखून डोस देतात. आणि दुखणे तसेच राहिले तर त्यानेही भ्रम होऊ शकतो! दोन्हीकडून पंचाईत.

खरे तर यावरचा उपाय जुनाच आहे. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवले. त्यानंतर लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी तेच औषध थेट मज्जातंतूजवळ टोचले. मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप वाटेतच अडवायचा, हाच 'नर्व्ह ब्लॉक'. मात्र स्वतःवर प्रयोग करता करता हॉलस्टेड कोकेनच्या व्यसनात अडकले. सुरक्षित औषधांची वाट पाहावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रोकेन आले आणि १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये लिग्नोकेन.

औषध मिळाले, पण खुब्याची अडचण वेगळी होती. या सांध्याला एक नव्हे, अनेक मज्जातंतू पुरवठा करतात. १९७३ मध्ये अमेरिकेतील ॲलॉन विनी यांनी जांघेतल्या एकाच इंजेक्शनने तीन मज्जातंतू बधिर करण्याची 'थ्री-इन-वन' पद्धत मांडली. ती दरवेळी साधत नसे. १९८९ मध्ये फ्रान्सच्या बर्नार्ड डॅलेन्स यांनी लहान मुलांमध्ये सोपी वाट शोधली : मज्जातंतूच्या जवळ जायचेच नाही, 'फॅशिया इलियाका' या चिवट पडद्याखाली भरपूर औषध सोडायचे, ते आपोआप पसरते. सुई दोन पडदे ओलांडताना हाताला दोनदा हलकासा 'टक्' जाणवतो, तीच खूण.

मुलांसाठी निघालेली ही युक्ती पुढे आजी-आजोबांच्या कामी आली. २००७ मध्ये डेन्मार्कमधील ४८ रुग्णांच्या अभ्यासात, फारसा अनुभव नसलेल्या डॉक्टरांनी दिलेल्या ब्लॉकनेही मॉर्फिनच्या इंजेक्शनपेक्षा जास्त आराम पडला आणि गुंगी कमी आली. २०११ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांमध्ये ब्लॉकला जागा मिळाली. आता सोनोग्राफीमुळे सुईचे टोक पडद्यावर दिसते. २०१८ मध्ये 'पेंग' हा आणखी नवा ब्लॉकही आला.

म्हणजे कल्पना १८८४ ची, पण अपघात विभागातल्या खाटेपर्यंत पोचायला शतक उलटले. आजही ती सगळीकडे पोचलेली नाही. म्हणून घरातले कोणी असे पडले तर नातेवाइकांनी नम्रपणे जरूर विचारावे, "डॉक्टर, इथे नर्व्ह ब्लॉक देता येईल का?" रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा भुलीच्या इंजेक्शनची पूर्वी ॲलर्जी झाली असेल, तर ते आधी सांगावे.

एक लक्षात ठेवा : ब्लॉकने वेदना थांबते, हाड जुळत नाही. दुखायचे थांबले म्हणून ऑपरेशन लांबवू नका.