व्हिएन्नाच्या जोडखिडक्या

व्हिएन्ना शहराची जुनी तटबंदी पाडून तिच्या जागीं कंकणाकृति राजमार्ग करावा, असा हुकूम बादशहा फ्रान्झ जोसेफ यानें १८५७ सालीं दिला. त्या काळांत तेथें उभ्या राहिलेल्या घरांची एक गंमत रस्त्यावरून लक्षांत येत नाहीं. त्यांच्या खिडक्या जोडीच्या असतात : झडपांची एक जोडी बाहेर, दुसरी आंत, आणि मध्यें चार-सहा इंचांची पोकळी. पूर्वी बाहेरची जोडी थंडीपुरतीच लावीत व वसंतांत उतरवून माळ्यावर ठेवीत. पुढें दोन्ही एकाच पेटींत कायमच्या बसल्या. कोंडलेली हवा उष्णता सावकाश वाहून नेते, हें आम्ही वर्गांत फळ्यावर शिकवीत असूं. तेथील सुतारांनीं तें लांकडांत करून दाखविलें.

मात्र या पेटींत एक मर्म आहे. आंतली झडप घट्ट बसली पाहिजे आणि बाहेरची किंचित् सैल. उलट झालें कीं खोलींतील दमट हवा पोकळींत शिरते, बाहेरच्या गार कांचेवर तिचें पाणी होतें, आणि तें ओघळून खालची पट्टी कुजवितें. म्हणून दुरुस्ती करणारा प्रथम त्या पट्टीलाच टोंचा लावून पाहतो. कुजका भाग कापून तेथें नवें लांकूड सांधावयाचें, खडूची पूड जवसाच्या तेलांत मळून केलेल्या लुकणानें तावदान बसवावयाचें, आणि रंगाचा हात लुकण ओलांडून रेघभर कांचेवर न्यावयाचा, म्हणजे फटींत पाणी जात नाहीं. ही रेघ घाण समजून खरवडणारे हौशी लोक खिडकीचा घात करतात!

रंगाची कथा दुःखाची आहे. जुना पांढरा रंग म्हणजे शिशापासून केलेला सफेता. त्यानें रंगाऱ्यांना पोटशूळ होई, मनगटें लुळीं पडत. १९२१ सालीं जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतील रंगकामांत त्याला सामान्यतः मनाई करणारा करार संमत केला. बाहेरील कामाला मोकळीक राहिली. म्हणजे एकाच खिडकीच्या दोन बाजूंना दोन कायदे! आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. जुने थर कोरडे घासूं नयेत, ओले करून काढावेत, तें यासाठींच.

त्या राजमार्गाचें उद्घाटन १ मे १८६५ रोजीं झालें. त्याच वर्षीं १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेट्सन यानें दोन कांचा कडेनें बंद करून जोडण्याचें पेटंट घेतलें. आजच्या मोहोरबंद दुहेरी कांचेचा मूळपुरुष तो. तिची कड सुटली कीं आंत धुकें धरतें आणि बहुधा सबंध जोडकांच बदलावी लागते. व्हिएन्नाच्या जुन्या खिडकींत फुटलें तावदान तेवढेंच निघतें.