भांडारकर संस्थेवरील हल्ला (२००४)

पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेड या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी केलेल्या हल्ल्यात संस्थेचे ग्रंथालय, हस्तलिखिते व फर्निचर यांची नासधूस झाली. ग्रंथालयाने अभ्यासकाला केलेल्या साहाय्याबद्दल ग्रंथालयालाच जबाबदार धरले जाण्याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झालेल्या शिवाजी महाराजांवर जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाने लिहिलेले ‘शिवाजी: हिंदू किंग इन इस्लामिक इंडिया’ हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील महाराजांच्या मातापित्यांविषयीच्या एका विधानामुळे तीव्र संताप उसळला. इतिहाससंशोधकांनीही निषेध नोंदवल्यावर प्रकाशकाने त्याच वर्षी पुस्तक भारतातून मागे घेतले. तरीही रोष शमला नाही. लेन यांनी ऋणनिर्देशात भांडारकर संस्थेचा व पुण्यातील काही विद्वानांचा उल्लेख केला होता. त्यांपैकी संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला डिसेंबर २००३ मध्ये काळे फासण्यात आले. वस्तुतः ग्रंथालयाने संदर्भसाहित्य उपलब्ध करून दिले म्हणजे त्यावरून काढलेल्या निष्कर्षांना संमती दिली, असा अर्थ होत नाही.

संग्रह

रा. गो. भांडारकर यांच्या नावाने ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेकडे मुंबई सरकारने डेक्कन कॉलेजातील हस्तलिखितसंग्रह १९१८ मध्ये सोपवला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती येथेच सिद्ध झाली. ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. येथील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिनोंदवहीत समावेश केला.

न्यायालयीन कारवाई

हल्ल्यानंतर पोलिसांनी ७२ जणांना अटक केली. २०१७ मध्ये पुण्यातील न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. दुसरीकडे राज्य शासनाने जानेवारी २००४ मध्ये पुस्तकावर बंदी घातली. डिसेंबर २००६ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ अन्वये पुस्तकाच्या जप्तीची नवी अधिसूचना निघाली. संघराज रूपवते, चित्रपटकार आनंद पटवर्धन आदींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये ती रद्द केली. ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे अपील फेटाळले. पुस्तकामुळे नेमक्या कोणत्या समूहांमध्ये वैर निर्माण होईल, हे अधिसूचनेत नमूद नव्हते. जप्तीच्या आदेशात कारणे दिलीच पाहिजेत, ही अट औपचारिक नसून कायद्याचा गाभा आहे. कारण त्यांशिवाय वाचकाला आदेशाला आव्हान देता येत नाही.