चित्रा कीं रेवती?

राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभीं महाराष्ट्रांत फार गाजला. लोकमान्य टिळक रेवतीपक्षाचे, तर व्यंकटेश बापूजी केतकर चित्रापक्षाचे होते. हा वाद केवळ गणिताचा नसून तारा ओळखण्याचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

सूर्यसिद्धांतांत चित्रेचा ध्रुवक १८० अंश व रेवतीचा ३५९ अंश ५० कला दिला आहे. परंतु टिळकपक्ष रेवतीची योगतारा म्हणून जी तारका धरतो, तिच्यापासून चित्रा भोगानें सुमारें १८४ अंशांवर आहे. अर्थात् दोन्ही वचनें एकदम जुळत नाहींत.

वाचकांनीं हें स्वतः पाहावें. सुमारें साडेअठरा उत्तर अक्षांशावरील देगलूरीं, वैशाखांत रात्रीं नऊदहाच्या सुमारास, सप्तर्षींपैकीं अंगिरा, वसिष्ठ व मरीचि यांची कमान पुढें वाढविली असतां तांबूस स्वाती व तिच्यापुढें शुभ्र चित्रा सांपडते. याम्योत्तरवृत्तावर ती दक्षिण क्षितिजापासून सुमारें ६० अंश उंच असते. एखादे वेळीं गुरु किंवा शुक्र तिच्याजवळ येतो. पण ग्रह सहसा लुकलुकत नाहीं व दिवसेंदिवस सरकतो. उलट रेवतीची ती तारका पांचव्या प्रतीची. भर चांदण्यांत ती नुसत्या डोळ्यांस दिसणें कठीण.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीनें १९५५ च्या अहवालांत चित्रापक्षाशीं जुळणारा आरंभ स्वीकारला. टिळक पंचांगाची मकरसंक्रांत मात्र १० जानेवारीच्या सुमारास, इतरांची १४ वा १५ जानेवारीस येते. म्हणून विसाव्या शतकांतील एखाद्या पत्रावर नुसता संक्रांतीचा उल्लेख असल्यास लेखकाचें पंचांग कोणतें, हें संशोधकांनीं आधीं ठरवावें. एरवीं कालनिर्णयांत चार दिवसांची चूक शिरेल.